चाल : स्वतंत्र

भिंगार,
५ डिसेंबर १९७०

चि. कृपादान यास,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रभूच्या कृपेने येथे क्षेम आहे. गुडघे कुरकुरतात, पण रविवारी उपासनेला देवळापर्यंत आणि रोज सकाळी टेकडीपर्यंत नेतात, एवढे त्यांचे उपकार. तुझ्या आईचे तिसगावहून परवाच कार्ड आले. नर्सची नोकरी संपली तरी तिला स्वस्थ बसवत नाही. गावातली निम्मी बाळंतपणे अजून तिच्याच हातून होतात. तू पत्र पाठवत नाहीस अशी तिची तक्रार आहे. ती मी तुझ्याकडे पोचती केली.

आता एक गंमत. तुमच्या कोल्हापूरची एक सिनेमा कंपनी गेल्या आठवड्यात चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर उतरली होती. फळ्यांचा आणि कापडाचा दरवाजा उभा करून त्याला गड म्हणत होते. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, गडाला वेढा पडलेला, आणि किल्लेदाराची बायको शिबंदीसाठी स्वतः दळायला बसली आहे, असा देखावा. आमच्या बन्सी टांगेवाल्याने फारच आग्रह केला म्हणून मीही गेलो. चाळीस वर्षे इतिहास शिकवला, तेव्हा तो बनवतात कसा तेही बघावे म्हटले.

कर्ण्यातून गाणे लागले आणि ती नटी ओठ हलवू लागली. अरे, चाल ऐकून मी काठी घट्ट धरली. ते आपल्या उपासनेच्या पुस्तकातले एकशे बारावे गीत. शब्द निराळे घातलेले, पण चाल तीच. दुसऱ्या ओळीच्या शेवटी जो लांब थांबा आहे तोसुद्धा तसाच. शाळेत तीस वर्षे मुलांना तो थांबा चार मोजून धरायला शिकवला आहे, माझी चूक होणे नाही. आता हे गीत कोणाचे, तर तुझ्या पणजोबांचे, म्हणजे आमचे आजोबा भिमाजी मास्तर यांचे. सन १८६१. आपल्या छापील पुस्तकात गीताच्या डोक्यावर स्वच्छ लिहिले आहे, चाल : स्वतंत्र. म्हणजे दुसऱ्या कोणत्या गाण्यावरून घेतलेली नाही, त्यांनी स्वतः बांधलेली. मग ती दोनशे वर्षे आधीच्या गडावर कशी चढली?

ऐतिहासिक चित्रांतल्या गाण्यांविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. वेढ्यात सापडलेली माणसे गात नाहीत, आणि गायलीच तर झाडामागे पन्नास व्हायोलिने घेऊन कोणी बसलेले नसते. पण तेवढे मी सोडून देत आलो. ही मात्र ढळढळीत चूक. कंपनीच्या ड्रायव्हरकडून पत्ता घेतला आणि निर्मात्यांना चार पानी पत्र टाकले, गीताच्या क्रमांकासकट. तुमच्या धंद्यातल्या लोकांना कोणीतरी सांगायला हवेच होते. तू स्टुडिओत पेटी वाजवतोस, तेव्हा काही कानावर आले तर कळव.

थंडीत कान बांधून हिंडत जा. आमच्यावरचा लोभ अधूनमधून कागदावरही दिसू दे.

तुझा मामा,
एलिया


कोल्हापूर,
११ डिसेंबर १९७०

तीर्थरूप मामांस,
कृपादानचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. निर्मात्यांना पाठवलेलं आदल्याच दिवशी ऐकायला मिळालं होतं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचलं गेलं.

मामा, ती चाल मी दिली आहे.

तुम्हाला कळवायचं विसरलो नव्हतो, मुद्दाम राखून ठेवलं होतं. चित्र लागलं की तुम्हाला आणि आईला टॉकीजमध्ये न्यायचं आणि पडद्यावरच्या पाट्यांत माझं नाव आलं की तुमच्या तोंडाकडे बघायचं, असा बेत होता. आमचे संगीतकार आप्पासाहेब यांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच एक अख्खं गाणं माझ्यावर सोपवलं. जुन्या काळातली चाल हवी होती. आई भाकरी थापताना, सुपानं पाखडताना जे गुणगुणते ते मी त्यांना ऐकवलं. देवळात तेच म्हणतात हे मला माहीत होतं, नाही असं नाही. पण माझ्या कानात ते आधी आईचं आहे, देवळातलं नंतर. ही जुनी जात्यावरची चाल आहे, असं मी आप्पासाहेबांना सांगून बसलो. कशावरून सांगितलं? ऐकताना तसं वाटतं, एवढंच.

निर्माते काकासाहेब फार चिडले आहेत. अस्सल जुन्या चालीचं गाणं, अशी जाहिरात छापून गेली आहे. उद्या वर्तमानपत्रात तुमच्यासारखं एखादं पत्र आलं तर हसं होईल म्हणतात. ५ जानेवारीला शेवटचं ध्वनिमिश्रण आहे. तोवर चाल जुनी असल्याचा पुरावा आला नाही तर गाणं कापायचं आणि मला घरी पाठवायचं, असं ठरलं आहे. आप्पासाहेब माझ्या बाजूनं बोलले, पण खोटं सांगितलंस का, असं त्यांनीही मला एकट्याला गाठून विचारलंच. आणि जाता जाता काकासाहेब म्हणाले की या ख्रिस्ती मंडळींना देवळातल्या पेटीपलीकडचं जुनं काय ठाऊक असणार, आपलंच चुकलं. नोकरीपेक्षा ते मला जास्त लागलं आहे.

व्हायोलिनांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण मामा, त्या गडावरची माणसं आमच्या चित्रातल्यासारखं छापील मराठीही बोलत नसतील आणि त्यांचे अंगरखे इतके कडक इस्त्रीचे नसतील. ते सगळं आपण चालवून घेतो, मग गाण्याशीच का अडतो? दळणारी बाई गप्प बसलेली दाखवली तर उलट तीच खोटी वाटेल. बाकी सगळं चित्र बनावट असू दे, तेवढं गाणं खरं आहे असं मी धरून चाललो होतो.

तुम्ही जाणूनबुजून केलं नाहीत हे मला कळतं. राग आला होता. तो या पत्राच्या पहिल्या कागदाबरोबर फाडून टाकला.

तुमच्या आशीर्वादाची आज नेहमीपेक्षा जास्त गरज आहे, तो चालू ठेवावा.

तुमचा,
कृपादान


भिंगार,
१५ डिसेंबर १९७०

चि. कृपादान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. चौथ्यांदा वाचवेना. ते चार पानी पत्र टपालात टाकले त्या दिवशी मी किती खुशीत होतो ते आठवून लाज वाटते. परत येताना बन्सीला भजी खाऊ घातली होती.

चाल देणारा मुलगा प्रामाणिक आहे, असे काकासाहेबांना आजच कळवतो. पण चाल जुनी आहे असे मला लिहिता येणार नाही. पुस्तकात स्वतंत्र छापले आहे आणि ते खोटे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. भाच्यासाठी इतिहास वाकवला तर इतकी वर्षे ज्यांना शिकवले त्यांना काय तोंड दाखवू? तुला हे कोरडे वाटेल. लिहिताना मलाही कोरडेच वाटते आहे.

काकासाहेबांचे ते बोलणे मात्र माझ्या जिव्हारी लागले, कारण ते माझ्याच पत्रातून निघाले आहे. मिशनच्या काळाआधी ही चाल असूच शकत नाही, असे मीच लिहिले होते. आपल्याकडचे सगळे काही तेव्हापासूनच सुरू होते, असे मीच परक्या माणसाला सांगून बसलो.

तुझ्या आईला सर्व कळवले आहे. आजोबांची हातची वही तिच्या ट्रंकेत असेल तर बघ म्हटले आहे. फार आशा धरू नको.

जेवणाची आबाळ करू नकोस. रागाचा काही भाग उरला असेल तर इकडे पाठव, लोभ मात्र तिकडे सांभाळून ठेव.

तुझा मामा,
एलिया


तिसगाव,
२० डिसेंबर १९७०

ती. दादास,
दयाचा सलाम. वि. वि.

इकडे सगळे बरे. तू बरा नाहीस हे अक्षरावरूनच दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझी ओळ तिरकी गेली. आधी रागावून घेते. शाळेतून निवृत्त झालास तेव्हा लाल शाईही तिथेच ठेवून यायची होतीस. जगाच्या चुका काढता काढता घरच्याच पोराच्या पाटीवर फुली मारलीस. झालं, रागावून झालं.

आता नीट वाच. गेले दहा दिवस आमच्या गिरणीची मोटार जळून पडली आहे. गिरणीवाला गोरक्षनाथ ती घेऊन नगरला गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे ज्यांच्या घरी जातं शाबूत आहे त्यांच्या दारात सगळ्या बायका. शेजारच्या मनकर्णाबाई सत्तरी ओलांडलेल्या. सुना नको नको म्हणत असताना त्यांनी अडगळीतलं जातं काढलं आणि बसल्या. तुझं पत्र आलं त्याच सकाळी मी ज्वारी घेऊन गेले तर आतून गाणं ऐकू आलं. दादा, एकशे बारा. मी डोक्यावरची पाटी तशीच धरून उंबऱ्यात उभी राहिले. शब्द असे होते :

दळन दळीते, पीठ पडतं पांढरं
माज्या भावाचं गाव त्या डोंगराच्या म्होरं

कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, शिकायचं काय हाय त्यात, जात्यासंगट येतंय ते. माजी आजी म्हनायची, तिची आजी म्हनत हुती. आमच्या देवळात कधी ऐकलंत का, म्हटलं तर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, तुमच्या देवळात मी कवा येऊ बाई, हितं आमच्या देवाला जायाला सवड न्हाई.

तू लगेच म्हणशील, हा पुरावा नव्हे, कानावर पडलेलं म्हातारी विसरली असेल. म्हणून दुसरी गोष्ट. आजोबांची वही सापडली. ट्रंकेच्या तळाशी, माझ्या लग्नाच्या साडीखाली. एकशे बाराच्या डोक्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं आहे, चाल : माय दळताना म्हणत असे ती.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. चौतीस साली नवं पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा आजोबांची गीतं छापखान्यासाठी तूच उतरवून दिलीस. मी शेजारी बसून शाई टिपत होते. एकशे बाराशी आलास आणि थांबलास. दळणाची चाल असं छापलं तर लोक आजोबांना काय म्हणतील, असं म्हणालास आणि स्वतंत्र लिहिलंस. तुला खरंच आठवत नाही की आठवायचं नाही? मी तेव्हा एकवीस वर्षांची, काही बोलले नाही. आज बोलते.

नाताळला ये. सकाळची एस. टी. धर आणि मनकर्णाबाईंना स्वतःच्या कानांनी ऐक. माझ्या पोराचा जीव टांगणीला लागला आहे, तेव्हा गुडघ्यांची सबब चालणार नाही.

धाकटीनं बोललेलं पोटात घाल आणि थोरलेपणाची माया असू दे.

तुझी,
दया


तिसगाव,
२६ डिसेंबर १९७०

चि. कृपादान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. उजव्या तळहाताला दोन फोड आले आहेत, अक्षर सांभाळून घे.

काल उपासना आटोपून मनकर्णाबाईंकडे गेलो आणि ते गाणे म्हणून दाखवा म्हटले. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. म्हणाल्या, मास्तर, रिकाम्या हातानं न्हाई येत. जात्यावर बसल्या तेव्हा गाणे सापडले, पण इतक्या दिवसांच्या दळणाने खांदा धरलेला, एकटीने ओढवेना. सुना परक्या पुरुषापुढे यायला लाजल्या. तुझी आई मदतीला उठेल असे वाटले, ती उठली नाही. शेवटी खुंट्याला दुसरा हात मी लावला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, नाताळचा कोट घालून जात्यावर. तुझी आई पदर तोंडाशी धरून हसत होती.

पहिल्या दोन ओव्यांत माझे सगळे लक्ष हाताकडे होते. तिसऱ्या ओवीच्या शेवटी आवाज लांबला. तोच थांबा. मी सवयीने मनात मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार. तेवढ्यात मनकर्णाबाईंचा डावा हात सुपात गेला, मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात पडली आणि हात परत खुंट्यावर आला. पुढच्या ओवीला तसेच. त्याच्या पुढच्या ओवीलाही तसेच. मूठ भरून घालता यावी म्हणून गाणे थांबत होते, कृपादान. देवळात आम्ही शंभर वर्षे तो थांबा धरतो आहोत आणि कोणाच्याच हातात दाणे नाहीत. चारच का मोजायचे, असे एका मुलीने मला वर्गात विचारले होते. नियम आहे, असे मी तिला सांगितले होते.

देवळात बसून चाल बांधणाऱ्याला तो थांबा सुचला नसता. चाल जात्यावरून देवळात आली, देवळातून जात्यावर गेली नाही. आजोबांनी तसे लिहूनही ठेवले होते आणि ते मी पुसले. तुझ्या आईने आठवण दिली तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग वहीत त्या ओळीवर माझ्याच पेन्सिलीची फुली दिसली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, नवा कोट, मास्तरकीची ऐट, आणि दळणाऱ्या बाईच्या घरातून आलो हे कोणाला कळू नये असे वाटत होते. आजोबांना तशी लाज वाटली नव्हती. त्यांनी धर्म बदलला तेव्हा त्यांच्या मायने बोलणे टाकले ते अखेरपर्यंत, असे वडील सांगत. घरातून एक भांडेही आणता आले नाही, असेही सांगत. ही चाल मात्र त्यांनी आणली होती.

काकासाहेबांना सविस्तर लिहिले आहे. माझी चूक पहिल्याच ओळीत कबूल केली आहे, आणि वही रजिस्टर टपालाने सोबत पाठवली आहे. सही इतिहासाचा शिक्षक म्हणून केली, मामा म्हणून नाही. हे गाणे त्या काळात शोभते की नाही, याविषयी मला आता शंका नाही. व्हायोलिनांविषयी आहे.

पाच तारखेच्या आत पोचावे एवढीच प्रार्थना. काय होईल ते ताबडतोब कळव, आणि या म्हाताऱ्याला पदरात घे.

तुझा मामा,
एलिया


कोल्हापूर,
६ जानेवारी १९७१

तीर्थरूप मामांस,
कृपादानचा सप्रेम सलाम. वि. वि.

गाणं राहिलं. हे आधी लिहितो, बाकीचं मागून.

वही दोन तारखेला पोचली. काकासाहेबांनी ती ओळ वाचली, तिच्यावरची फुली बघितली आणि तुमचं पत्र वाचलं. आप्पासाहेबांनी मला पेटीवर बसवलं आणि काकासाहेबांपुढे शेंगदाण्यांची बशी ठेवून प्रत्येक थांब्याला एक मूठ उचलायला सांगितलं. तिसऱ्या मुठीला काकासाहेब हसले. काल मिश्रण झालं. थांब्याच्या जागी सगळी वाद्यं खाली ओढून नुसती जात्याची घरघर वर आणली आहे, तेवढा तुमच्या शब्दाला मान. नंतर काकासाहेबांनी मला खोलीत बोलावून मंडळींबद्दलचं ते बोलणं मागे घेतलं. मनापासून घेतलं. मी बाहेर येऊन थोडा वेळ जिन्यावर बसलो. मग कॅन्टीनमध्ये जाऊन दोन मिसळी खाल्ल्या.

पाट्यांत माझं नाव राहील. त्याखाली अजून एक ओळ घालायला सांगितली आहे, ती तिथेच बघा. वही मी स्वतः घेऊन येईन, पुन्हा टपालाच्या हवाली करवत नाही.

फोडांना खोबरेल लावा. आईला सांगा, आठवड्याला एक पत्र, नक्की. माया अशीच राहू द्या. ती केवढी आहे ते या महिन्यात दिसलं.

तुमचा,
कृपादान


भिंगार,
२२ ऑगस्ट १९७१

चि. कृपादान यास,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल नगरला चित्र पाहिले. तुझी आई मनकर्णाबाईंना घेऊन सकाळच्याच एस. टी.ने आली होती. नव्या कामातून तुला सुटी मिळाली नाही याचे वाईट वाटले, पण माझे तोंड बघायचा तुझा बेत हुकला ते बरेच झाले. तुझे नाव आले, त्याखाली ओळ आली, मूळ चाल : भिमाजी मास्तरांची माय. पुढे थोडा वेळ मला पडद्यावरचे काही दिसले नाही. चष्मा पुसत होतो, असे तुझ्या आईला सांगितले. तिचाही पुसून व्हायचा होता.

गाणे चालू असताना मनकर्णाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे उघडले आणि मग शेवटपर्यंत टक लावून बसल्या. बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारले, कसे वाटले. म्हणाल्या, लई ग्वाड गाती बाई, पन समदा येळ रिकामंच जातं फिरवलं की तिनं. एक दाना घातला न्हाई, वेढ्यातली मान्सं खानार काय?

खरे आहे. नटीने प्रत्येक थांब्याला पदर सावरला. त्या काळाशी न जुळणारे गाण्यात एवढेच होते, आणि ते चित्रीकरणाच्या वेळी मी समोर उभा असून मला दिसले नव्हते. तुला म्हणून कळवतो. निर्मात्यांना मी पत्र लिहिलेले नाही, वर्तमानपत्रालाही नाही.

आज देवळात एकशे बारा होते. थांबा आला आणि मी चार मोजायचे विसरलो. बघतो तर डाव्या हाताची मूठ आपोआप मिटली होती. गीत संपल्यावर पुस्तकातला स्वतंत्र हा शब्द खोडला आणि वर पेन्सिलीने लिहिले, माय दळताना म्हणत असे ती. मग पाळकांना विचारून बाकांवरची बाकीची पुस्तकेही घरी आणली. एकोणचाळीस आहेत. आतापर्यंत सव्वीस झाली. हात दुखला म्हणून मध्ये तुला हे पत्र लिहायला घेतले.

आता राहिलेली तेरा करतो. येशील तेव्हा तुझेही पुस्तक घेऊन ये, आणि आमच्यावर लोभ धरून राहा.

तुझा मामा,
एलिया